मानवी भूगोल : मूलभूत संकल्पना आणि त्यांची मराठी परिभाषा

१. प्रास्ताविक

मराठी विषय घेऊन पदवी मिळवू पाहणाऱ्याने भूगोलाच्या संज्ञा का शिकाव्यात, हा प्रश्न हा घटक उघडताना तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर सरळ आहे. ग्रामीण साहित्य, दलित आत्मकथने, स्थलवर्णने किंवा गॅझेटियर वाचताना वाडी, शिवार, देश, घाट, गावकूस, चाकरमानी असे शब्द सतत भेटतात. त्यांमागची संकल्पना ठाऊक नसेल तर वाचन अर्धे राहते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. भूगोलाच्या संज्ञा पुस्तकात बसून राहत नाहीत. तुम्ही राहता ते 'गाव' की 'शहर', तुम्ही 'स्थलांतरित' की 'स्थानिक', तुमची बोली ही 'भाषा' की दुसऱ्या भाषेखालची एक नोंद, हे कोणीतरी व्याख्या करून ठरवलेले असते. त्या व्याख्येवर रस्ता, शाळा, पाणी आणि निधी अवलंबून असतात.

भूगोलाचे प्राकृतिक आणि मानवी असे दोन प्रमुख विभाग मानले जातात. भूरूपे, हवामान, मृदा यांचा अभ्यास पहिल्यात होतो. माणसे कोठे राहतात, का राहतात, कोठून कोठे जातात, जमिनीचा वापर कसा करतात आणि एखाद्या जागेला अर्थ कसा देतात, याचा अभ्यास दुसऱ्यात होतो. या घटकात आपण सर्व शाखांची यादी करणार नाही. ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडते. निवडक संज्ञा घेऊन त्यांचा अर्थ नीट उलगडणे एवढेच येथे योजले आहे.

२. निसर्ग आणि माणूस

मानवी भूगोलाचा सर्वांत जुना वाद असा की निसर्ग माणसाला घडवतो, की माणूस निसर्गाचा उपयोग आपल्या निवडीने करतो? जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिख रात्झेल यांच्या मानव-भूगोलावरील ग्रंथाचा पहिला खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या विचारातून, आणि त्याहून अधिक त्यांच्या अनुयायांच्या लेखनातून, निसर्गवाद अथवा निश्चयवाद पुढे आला. हवामान आणि भूरचना समाजाचे स्वरूप निश्चित करतात, असे या मताचे सार सांगता येईल. फ्रान्समधील व्हिदाल द ला ब्लाश यांची भूमिका वेगळी होती. त्यांच्या मते निसर्ग शक्यता पुढे ठेवतो आणि त्यांतून निवड माणूस करतो. या मताला संभववाद म्हणतात. पुढे ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ टेलर यांनी 'थांबा आणि पुढे जा' अशी मधली वाट सांगितली. माणूस विकासाचा वेग कमी-जास्त करू शकतो, परंतु निसर्गाने आखलेली दिशा त्याने सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद परीक्षेपुरता पाठ करण्याचा नाही. मराठवाड्यातील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अवर्षणप्रवण भागात उसासारखे पाणी पिणारे पीक घेणे, ही संभववादाच्या भाषेत माणसाने केलेली निवड. पाण्याच्या गाडीची वाट पाहणारे शहर पाहिले म्हणजे टेलर यांच्या 'थांबा' या शब्दाचा अर्थ उमगतो. निव्वळ निसर्गवाद मात्र आज कोणी गंभीरपणे मांडत नाही, आणि ते योग्यच आहे. 'डोंगरातले लोक असेच', 'किनाऱ्यावरचे लोक तसेच' अशी विधाने त्याच झाडाची फळे आहेत.

३. स्थान आणि प्रदेश

निरपेक्ष स्थान म्हणजे अक्षांश-रेखांशांनी सांगता येणारी जागा. ती बदलत नाही. सापेक्ष स्थान म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भातील जागा. मार्ग, बाजारपेठ, बंदर, राजधानी यांपासून आपण किती जवळ वा दूर आहोत, हे त्यातून कळते, आणि ते सतत बदलते. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ मध्ययुगात मोठे बंदर होते. व्यापाराचे मार्ग बदलले आणि दाभोळ मागे पडले, अक्षांश-रेखांश तेच राहिले. उलट, १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि रत्नागिरी, कणकवली ही गावे मुंबईच्या 'जवळ' आली. अंतराचे किलोमीटर भूमितीचे असतात. जवळ-दूरपणा मानवी भूगोलाचा असतो.

प्रदेश ही संज्ञा तीन अर्थांनी वापरतात. एखाद्या समान गुणधर्मावर ठरणारा प्रदेश औपचारिक होय, उदाहरणार्थ काळ्या मृदेचा प्रदेश. एखाद्या केंद्राभोवती व्यवहारांनी विणला गेलेला प्रदेश कार्यात्मक होय. कर्जत-कसाऱ्यापासून रोज मुंबईला कामासाठी येणारे लोक मुंबईच्या कार्यात्मक प्रदेशात राहतात, मग त्यांच्या घराचा जिल्हा कोणताही असो. तिसरा प्रदेश लोकांच्या मनातला असतो आणि भाषेच्या विद्यार्थ्याला तोच अधिक जवळचा वाटावा. मराठीत 'देश' या शब्दाचा एक अर्थ राष्ट्र असा आहे आणि दुसरा सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठार असा. कोकणातला माणूस 'देशावर जातो' तेव्हा तो सीमा ओलांडत नाही, घाट चढतो. माणगंगेच्या खोऱ्याला माणदेश म्हणतात. सूर्य मावळतो त्या दिशेकडील डोंगरउताराचा मुलूख तो मावळ, अशी त्या नावाची उपपत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. ही नावे कोणत्याही प्रशासनाने आखलेली नाहीत, तरी ती सीमा दाखवतात. मुंबईत 'घाटी' हा शब्द प्रथम दिशा सांगणारा होता. घाटावरून आलेला तो घाटी. पुढे तो गिरणीत व गोदीत राबणाऱ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला गेला. प्रादेशिक नाव सामाजिक पायरी दाखवू लागते तेव्हा भूगोलाचा शब्द भाषाशास्त्राच्या अंगणात येऊन उभा राहतो.

४. वस्ती : एक साधा शब्द आणि त्याचे अनेक थर

मानवी भूगोलात 'वस्ती' म्हणजे माणसांनी राहण्यासाठी व्यापलेली कोणतीही जागा. चार घरांचा पाडा ही वस्ती आणि मुंबई महानगर हीसुद्धा वस्तीच. व्यवहारात आपण हा शब्द असा वापरत नाही. पश्चिम महाराष्ट्रात 'वस्तीवर राहतो' म्हणजे गावठाण सोडून शेतात घर बांधून राहतो. शहरात 'वस्ती' म्हटले की बहुधा गरिबांची, दाटीची घरे डोळ्यांसमोर येतात. रूढ शब्दाला शास्त्रात नेमका अर्थ दिला म्हणजे अशी ओढाताण होते. उत्तरे लिहिताना तुम्ही कोणत्या अर्थाने शब्द वापरत आहात, हे स्वतःशी स्पष्ट ठेवा.

वस्त्यांचे प्रकार केंद्रित, विखुरलेल्या आणि रेषीय असे सांगितले जातात. देशावर घरे गावठाणात एकवटलेली असतात, कारण पूर्वी पाण्याची सोय आणि संरक्षण या दोन्ही गरजा एकत्र राहण्याने भागत. कोकणात पाणी अनेक ठिकाणी मिळते आणि सपाट जमीन तुकड्यातुकड्यांनी असते, म्हणून एकच गाव अनेक वाड्यांत पसरते. किनारा, रस्ता किंवा नदी यांच्या कडेने घरांची रांग लागली की ती रेषीय वस्ती.

या शास्त्रीय वर्गीकरणाच्या कितीतरी आधी मराठी माणसाने स्वतःचे वर्गीकरण केले होते. गावाची राहण्याची जागा ती 'पांढरी' आणि कसण्याची जमीन ती 'काळी'. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून गावठाणाची जमीन पांढुरकी दिसते, यावरून हे नाव आले. भूमी-उपयोजन ही आजची संज्ञा ज्या भेदावर उभी आहे, तो भेद या दोन रंगांत सांगितलेला आहे. त्याशिवाय शिवार, गायरान, कुरण, देवराई हे शब्द जमिनीचा वापर आणि तिच्यावरचा हक्क एकाच वेळी सांगतात. जुन्या गावव्यवस्थेची ही शब्दसंपदा एकत्र पाहायची असेल तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) ग्रंथालयातून अवश्य मिळवा. त्यातील मतांशी सहमत होण्याची आवश्यकता नाही, शब्दांसाठी वाचा.

गावांच्या नावांपुढे लागणारे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे शब्द फारसीतून आले, अर्थ अनुक्रमे मोठे आणि लहान. 'कसबा' आणि 'मौजे' हे मूळचे अरबी. महसुली दप्तरातला एक शब्द मला विशेष बोलका वाटतो, तो म्हणजे 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाची नोंद आहे, शिवार आहे, परंतु जेथे एकही दिवा लागत नाही, म्हणजे कोणी राहत नाही, ते बेचिराग गाव. जनगणनेच्या परिभाषेत याला 'निर्जन गाव' म्हणता येईल. अर्थ तोच राहतो, दिवा मात्र विझतो.

याच्या उलट स्थिती पाड्यांची, तांड्यांची आणि टोल्यांची आहे. तेथे दिवे लागतात, पण स्वतंत्र महसुली गाव म्हणून नोंद नसते. बंजारा समाजाचा तांडा किंवा पालघर-नंदुरबारकडचा आदिवासी पाडा कागदोपत्री दूरच्या एखाद्या गावात मोडतो. त्या गावात शाळा असली की पाड्यालाही शाळा 'आहे' असे कागद म्हणतो, मधली दरी-डोंगराची वाट कागदावर दिसत नाही. तांड्यांना महसुली गावाचा दर्जा मिळावा ही मागणी या एका पारिभाषिक भेदातून उभी राहिली आहे.

वस्तीच्या नावांत समाजरचना गोठलेली असते. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणआळी, माळीगल्ली ही नावे केवळ पत्ते नव्हती. कोणी कोठे राहावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे, याचा तो नकाशा होता. 'गावकुसाबाहेर' हा शब्द दलित साहित्याने इतका प्रभावीपणे का वापरला, ते येथे ध्यानात येईल. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. ती अनेक ठिकाणी पडून गेली तरी शब्द उरला, कारण शब्द ज्या अंतराचे नाव होता ते अंतर उरले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवण्यात आली. नाव बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर रोज आपला पत्ता लिहावा लागणाऱ्याला तो आक्षेप कितीसा पुरेल, याचाही विचार करा.

५. लोकसंख्या : मोजणे म्हणजे काय?

जनगणनेसाठी मराठीत तीन शब्द वापरले गेले आहेत. 'खानेसुमारी' म्हणजे घरांची मोजणी, 'शिरगणती' म्हणजे डोक्यांची मोजणी आणि 'जनगणना' म्हणजे जनांची. आधुनिक जनगणना प्रत्यक्षात पहिल्या दोन्ही गोष्टी करते. आधी घरे मोजते, नंतर माणसे. भारतात पहिली एकसमयी जनगणना १८८१ मध्ये झाली. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे येथील आकडे २०११ चे आहेत.

लोकसंख्येची घनता म्हणजे एकक क्षेत्रातील लोकांची संख्या. महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती. मुंबई उपनगर जिल्ह्यात ती २०,००० हून अधिक आणि गडचिरोलीत ७४. ३६५ हा आकडा यांपैकी कोणत्याच ठिकाणचे जगणे सांगत नाही. सरासरीचा स्वभावच तसा आहे. म्हणून केवळ लागवडीखालील जमिनीशी लोकसंख्येचे प्रमाण काढण्याची दुसरी पद्धतही वापरतात. त्यातून अन्न पिकवणाऱ्या जमिनीवरील खरा भार कळतो.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. महाराष्ट्राचे गुणोत्तर ९२९ होते, मुंबई शहराचे ८३२ आणि रत्नागिरी जिल्ह्याचे ११२२. हा शेवटचा आकडा वाचून कोकणात मुली अधिक जन्मतात, असा निष्कर्ष काढणारी उत्तरपत्रिका दरवर्षी भेटते. रत्नागिरीचे पुरुष मुंबईत मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ. 'चाकरमानी' या शब्दात जे सामावले आहे तेच या दोन आकड्यांत आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून सुमारे १६ लाखांवर उतरली. गावात उरलेल्या स्त्रिया, वृद्ध आणि कुलूपबंद घरे ही त्या उताराची दृश्य बाजू होय. मुलींच्या जन्माविषयी काही म्हणायचे असेल तर शून्य ते सहा वयोगटाचे बाल लिंग गुणोत्तर पाहावे लागते. ते बीड जिल्ह्यात ८०७ होते. त्याचे कारण स्थलांतर नाही. पोटातच मुलगी नाकारली जाणे हे आहे. दोन्ही गुणोत्तरे दिसायला सारखी, सांगतात ते मात्र सर्वस्वी भिन्न.

'नागरी' कशाला म्हणायचे? महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असलेली ठिकाणे आपोआप नागरी धरली जातात. त्यांखेरीज किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या ठिकाणाला जनगणना-नगर म्हणतात. तिसरी अट पुन्हा वाचा. ती फक्त पुरुषांच्या कामाकडे पाहते. स्त्रिया शेतात राबत असल्या तरी ते ठिकाण नगर ठरू शकते. शिवाय जनगणनेने नगर म्हटलेल्या ठिकाणी कारभार ग्रामपंचायतीचाच असू शकतो. मग इमारती शहरासारख्या उभ्या राहतात आणि सांडपाण्याची व्यवस्था खेड्याची राहते.

६. स्थलांतर

राहण्याचे ठिकाण बदलणे म्हणजे स्थलांतर. ते घडवणाऱ्या कारणांचे दोन गट करतात. मूळ ठिकाणाहून दूर लोटणारे घटक आणि नव्या ठिकाणाकडे ओढणारे घटक. अवर्षण लोटते, रोजगार ओढतो. रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनमधील नोंदींवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक लोक जवळच्या अंतरावर जातात आणि अशा स्थलांतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक असतात, हे त्यांचे निरीक्षण भारतालाही लागू पडते. २०११ च्या जनगणनेत भारतातील स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींच्या वर होती. त्यांत स्त्रिया सुमारे दोन तृतीयांश होत्या. त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण होते विवाह.

येथे क्षणभर थांबा. नवऱ्याच्या गावी नांदायला गेलेली स्त्री स्वतःला 'स्थलांतरित' म्हणवते काय? तिच्यासाठी मराठीत 'सासुरवाशीण' आहे, 'माहेर' आणि 'सासर' हे दोन शब्द आहेत. हे शब्द आपण नात्याचे समजतो, पण ते मुळात दोन ठिकाणांची नावे आहेत आणि त्यांच्यामधल्या वाटेवर मराठीतील ओव्यांचा मोठा ठेवा उभा आहे. पुरुष गाव सोडतो तेव्हा ती घटना ठरते, तिला कारण विचारले जाते. स्त्री गाव सोडते तेव्हा तो रिवाज ठरतो. आकडेवारी हा भेद मानत नाही, दोघांना एकाच रकान्यात बसवते. माझ्या मते या ठिकाणी रूढ भाषेपेक्षा रुक्ष रकाना अधिक न्यायी आहे.

हंगामी स्थलांतराची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे रकानाच कमी पडतो. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात, ती फेडण्यासाठी हा प्रवास असतो. तोडणीची जोडी, म्हणजे बहुधा नवरा-बायको, 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. दोन माणसे, एक हत्यार, एक नोंद. त्यांत बायकोचे काम वेगळे दिसत नाही. आता व्याख्या पाहा. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने अल्पकालीन स्थलांतरित म्हणून जे धरले, ते वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेले लोक. हंगाम लांबून पूर्ण सहा महिने भरले तर हा माणूस त्या व्याख्येबाहेर जातो. २०११ ची जनगणना झाली ती फेब्रुवारीत, म्हणजे गाळपाचा हंगाम चालू असताना. ज्यांची नोंद घरी व्हायची ते घरी नव्हते. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत प्रगणक पोहोचला तरच त्यांची गणना. मूल कोणत्या शाळेच्या पटावर, शिधा कोणत्या दुकानात, मतदान कोठे, हे पुढचे सारे प्रश्न 'नेहमीचे राहण्याचे ठिकाण' या तीन शब्दांच्या अर्थावर येऊन ठेपतात.

स्थलांतर आणि विस्थापन यांत गल्लत करू नका. स्थलांतरात थोडी का होईना निवड असते, विस्थापनात ती नसते. धरणासाठी गाव उठवण्याविरुद्धचा मुळशी सत्याग्रह १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झाला. कोयना, उजनी यांसारख्या धरणांनीही अनेक गावे उठवली. लोक स्वतःला 'धरणग्रस्त' म्हणतात, कायदा त्यांना 'प्रकल्पबाधित व्यक्ती' म्हणतो. ग्रस्त आणि बाधित या दोन शब्दांत वेदनेचे प्रमाण सारखे आहे काय, हे मराठीच्या विद्यार्थ्याने स्वतःच ताडून पाहावे.

७. भाषेचा भूगोल

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. भाषाशास्त्र हेच अधिक काटेकोरपणे सांगते. एखादा शब्द वा उच्चार जेथपर्यंत आढळतो तेथे नकाशावर एक रेषा ओढता येते. अशा अनेक रेषा एका ठिकाणी जवळ आल्या तर तेथे बोलीची सीमा मानतात. भाषा कोठे एकदम संपत नाही, ती विरत जाते. जनगणनेला मात्र विरत जाणे मोजता येत नाही. २०११ मध्ये मराठी ही मातृभाषा म्हणून सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. अहिराणीची नोंद मराठीखाली नाही, 'खानदेशी' या स्वतंत्र भाषेखाली होते. बंजारा समाजाची लमाणी अथवा गोरमाटी हिंदीखाली मोडते. म्हणजे महाराष्ट्रातल्या तांड्यावरचे मूल, जे घरी हिंदी बोलत नाही, ते गणनेत हिंदी भाषकांची संख्या वाढवते आणि शाळेत मराठी पाठ्यपुस्तक उघडते. महसुली नकाशात ज्याचा तांडा दिसत नाही, भाषांच्या तक्त्यात त्याची भाषाही दिसत नाही.

८. उपक्रम

पुढील घटक वाचण्यापूर्वी हा उपक्रम करावा. उत्तर वहीत लिहावे आणि संपर्क सत्रास येताना सोबत आणावे.

तुमच्या घरातील तीन पिढ्यांची माणसे घ्या. प्रत्येक जण जन्मला कोठे, आता राहतो कोठे आणि ठिकाण का बदलले, हे त्यांना स्वतःला विचारून त्यांच्याच शब्दांत टिपा. 'नांदायला आले', 'पोटासाठी गेलो', 'पाण्याखाली गेलं', 'बदली झाली' असे जे शब्द येतील ते तसेच ठेवा, प्रमाण मराठीत बदलू नका. शेजारच्या रकान्यात या घटकातील योग्य पारिभाषिक संज्ञा लिहा. जेथे संज्ञा बसत नाही तेथे रकाना रिकामा सोडा. संपर्क सत्रात आपण चर्चेला सुरुवात त्या रिकाम्या रकान्यांपासून करू.